पहाटे साडेचारचा सामना

माझी पुतणी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका कॉलेजात व्हॉलीबॉल खेळते. तिचा तिथल्या संध्याकाळी सातचा सामना आम्ही इथे बडोद्याच्या दांडिया बाजारात सकाळी साडेसातला चहा-फाफड्याबरोबर बघायचो. २०२४ पासून काही सामने पहाटे साडेचारला असतात, कारण ती खेळायला थेट पूर्व किनाऱ्यावर जाते. आम्ही उठतो, त्याचं काही नाही. काळजी तिची वाटते. मागच्या खेपेला पाच तासांचा विमानप्रवास करून ती रात्री दोनला होस्टेलवर पोचली आणि सकाळी आठला केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल! व्हिडिओ कॉलवर गुडघ्यावर बर्फाची पिशवी, मांडीवर जर्नल, त्यातला तक्ता अर्धाच भरलेला. "काका, विमानात झोपले की मी," म्हणाली.

तिकडे पूर्वी जवळपासची कॉलेजं मिळून कॉन्फरन्स, म्हणजे आपसात खेळणारा गट, करायची. पश्चिमेची जुनी कॉन्फरन्स, पॅक-१२, मुळात १९१५ची. २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जायचं ठरवलं आणि गळती लागली. २०२४ मध्ये बारातली दोनच उरली. स्टॅनफर्ड आणि बर्कले चक्क पूर्व किनाऱ्याकडच्या अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये गेली, तीही टीव्हीच्या पैशातला कमी वाटा पत्करून. डॅलसच्या एसएमयू विद्यापीठाने तर तिथेच शिरण्यासाठी नऊ वर्षांचा वाटाच सोडला. बाहेर राहिलो तर संपलो, ही धास्ती मला समजते.

पैशाला मी नावं ठेवणार नाही. फुटबॉलच्या, म्हणजे त्यांच्या अमेरिकन फुटबॉलच्या, टीव्हीच्या पैशावर बाकीचे खेळ तगतात. हात आखडला की कात्री याच खेळांवर चालते. २०२० मध्ये स्टॅनफर्डने ११ खेळ बंद करायचं जाहीर केलं होतं. खेळाडू आणि माजी विद्यार्थी हटून बसले, तेव्हा पुढच्या वर्षी निर्णय फिरवला.

पण फुटबॉलचा संघ आठवड्याला एकदा खेळतो, बहुतेक शनिवारी. व्हॉलीबॉलच्या मुली आठवड्यात दोनदा उतरतात, तेही कॉलेजच्या दिवसांत. दोघांना एकाच नकाशावर कशाला पळवायचं? नोटर डेम विद्यापीठ फुटबॉल स्वतंत्र खेळतं आणि २०१३ पासून बाकी बहुतेक खेळ अटलांटिक कोस्टमध्ये. म्हणजे वेगळं करता येतं. फुटबॉल हवा तिकडे जाऊ दे, बाकीच्या मुलांना शेजाऱ्यांशी खेळू द्या.

मी विद्यापीठाकडून खो-खो खेळलो. वल्लभ विद्यानगरला सामना असला की सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळी घरी आईच्या हातचा वरणभात. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला हजर. शेजाऱ्याशी खेळलो म्हणून खुन्नस कमी नव्हती, उलट जास्तच होती.

कॉन्फरन्सच्या विस्तारावर मत देतात ते विद्यापीठांचे अध्यक्ष. त्यांच्यापुढे टीव्ही कराराचे आकडे असतात, मुलींच्या झोपेचे नसतात. म्हणून पुतणीला एक वही ठेवायला सांगितलीय: तारीख, विमानाचे तास, बुडालेला तास, प्रॅक्टिकल. आता संघातल्या आणखी चौघी त्यात लिहितात. सीझन संपला की या मुली ती वही कॉलेजच्या क्रीडा संचालकांच्या टेबलावर ठेवणार आहेत.