पाण्याची पाळी

गेल्या वर्षी मी बाली बेटावर बारा दिवस राहिले, पण समुद्रकिनाऱ्यावर नव्हे. तबानान जिल्ह्यात बातुकारू पर्वताच्या दक्षिण उतारावर पेनेबेल नावाचा तालुका आहे. तिथल्या एका शेतकरी कुटुंबाच्या घरी माझा मुक्काम होता. माझे बालपण सिंधुदुर्गात भाताच्या मळ्यांत गेले असल्यामुळे तिथल्या चिखलात, तरव्यात आणि बांधांत आपल्याला परके काही वाटणार नाही, असे मी धरून चालले होते. ते बरेचसे खरेही ठरले. परके वाटले ते पाणी, किंवा खरे तर पाण्याविषयी माणसांनी आपसांत केलेला करार.

पहिल्याच सकाळी लक्षात आले की एकाच डोंगरउतारावर भाताच्या सगळ्या अवस्था एकाच वेळी दिसत आहेत. खालच्या टप्प्यांवर कापणी उरकली होती आणि तिथे बदकांचा कळप सोडलेला होता. राखणदाराने चिखलात एक उंच काठी रोवून तिच्या टोकाला पांढरे फडके बांधले होते. तो स्वतः दूर कुठेतरी गेला होता, आणि बदके मात्र सांडलेले दाणे, गोगलगायी आणि किडे वेचत त्या फडक्याच्या आसपासच फिरत होती. मधल्या पट्ट्यात भात पोटरीला आले होते, म्हणजे लोंबी अजून पानांच्या आवरणातच होती. आमच्या यजमानांची खाचरे मात्र कोरडी पडलेली होती, आणि त्यांच्या अगदी शेजारून पाटाचे पाणी खळखळत खाली जात होते.

घरच्या कर्त्या पुरुषाला तिथे सगळे ‘पाक’ म्हणतात, म्हणजे बाबा. मीही तसेच म्हणू लागले. पाकांचा मुलगा आमच्यात दुभाषा होता. दुसऱ्या दिवशी ते मला पाट जिथे फुटतो तिथे, वर घेऊन गेले. पाटाच्या तोंडावर एक जाड ओंडका आडवा टाकलेला होता, शेवाळाने हिरवा झालेला, आणि त्याच्या वरच्या कडेला सपाट तळाच्या खाचा कोरलेल्या होत्या. या ओंडक्याला ‘तेंबुकू’ म्हणतात. सगळ्या खाचांची खोली सारखी असते, रुंदी मात्र ज्याच्या त्याच्या वाट्याप्रमाणे असते; त्यामुळे पाटाला पाणी कमी असो वा जास्त, प्रत्येकाच्या वाट्याचे प्रमाण बदलत नाही. झडप नाही, चाक नाही, मोजमापाचे यंत्र नाही. पाकांनी खाचेत आडवी बोटे घालून मला रुंदी दाखवली. शेजारची खाच, जी त्यांच्या गटाची होती, ती गवताच्या मुळांसकट उचललेल्या मातीच्या ढेकळाने बुजवलेली होती. ते ढेकूळ इतके साधे होते की पायाने लोटले असते तरी निघाले असते.

मी विचारले, “रात्री कुणी हे काढून पाणी घेत नाही?”

पाक म्हणाले, “घेतले तर माझे एकट्याचे शेत हिरवे होईल. मग आजूबाजूचे सगळे उंदीर कुठे जेवायला येतील?”

हे उत्तर मला नीट कळायला दोन दिवस लागले. तिथे पाणी गावाच्या मालकीचे नसते आणि एकेका शेतकऱ्याच्याही मालकीचे नसते. एका बंधाऱ्यावर किंवा एका पाटावर ज्यांची शेते भिजतात त्या सर्वांची मिळून एक संस्था असते, तिला ‘सुबाक’ म्हणतात, आणि तिच्या प्रमुखाला ‘पकासेह’. लावणी कधी करायची, पाणी कधी सोडायचे, पाट कधी उपसायचा, हे सगळे सुबाकच्या सभेत ठरते. एका गटाची शेते एकाच वेळी लावली जातात आणि एकाच वेळी रिकामी होतात, त्यामुळे कापणीनंतर उंदरांना आणि किडीला काही आठवडे खायला काहीच उरत नाही. परंतु साऱ्या डोंगराने एकाच दिवशी चिखलणी काढली तर पाणी पुरणार नाही. म्हणून गटागटांनी पाळ्या लावलेल्या असतात. एका टोकाला कीड आणि दुसऱ्या टोकाला पाण्याची टंचाई, यांच्या मधोमध काढलेली ही वाट आहे. अकराव्या शतकातल्या शिलालेखांत आणि ताम्रपटांतही सुबाकचा उल्लेख सापडतो.

गटागटांमधली ही पाळी देवळांमार्फत ठरते. उगमापाशी देऊळ, बंधाऱ्यापाशी देऊळ, आणि प्रत्येकाच्या शेतात, जिथून पाणी पहिल्यांदा शिरते त्या वरच्या कोपऱ्यात, एक छोटेसे देवस्थान असते. तिथली अन्नदेवता ‘देवी श्री’. हे नाव ऐकून मी क्षणभर थबकले. सुबाकच्या तत्त्वाचे नाव ‘त्रिहितकरण’, हेही आपल्याला कोशाशिवाय कळण्यासारखे: देवाशी, माणसांशी आणि निसर्गाशी नीट राहणे, ही हिताची तीन कारणे. भात पोटरीला आले की ते गर्भार झाले असे मानून शेतात पूजा करतात. आमच्याकडेही आजी पोटरीला आलेल्या भातातून मोठ्याने बोलत जाऊ देत नसे. मला त्याचे कारण कधी कुणी सांगितले नव्हते. तिथे उंच वाढणाऱ्या जुन्या वाणांच्या लोंब्या तळहातात मावेल एवढ्या ‘आनी-आनी’ नावाच्या पात्याने एकेक करून खुडत, आणि ते पाते मुठीत लपवलेले असे, देवी श्रीला भय वाटू नये म्हणून.

१९७०च्या दशकात बालीत हरितक्रांतीची बियाणी आली, आणि वर्षाला जितकी पिके काढता येतील तितकी काढा, पाळीची वाट पाहू नका, असे सरकारचे धोरण झाले. उत्पादन वाढले, १९८४मध्ये इंडोनेशिया तांदळात स्वयंपूर्ण झाल्याचे जाहीर झाले. पण शेते कधी रिकामी राहीनाशी झाली तेव्हा तपकिरी तुडतुड्यांना कायमचे घर मिळाले, त्यांच्यासाठी फवारलेल्या औषधांनी तुडतुडे खाणारे कोळीच आधी मेले, आणि अखेर १९८६मध्ये सरकारला भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घालावी लागली. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनी परिसंस्थेचे अभ्यासक जेम्स क्रेमर यांच्यासह संगणकावर नद्या, सुबाक आणि किडी यांचे गणित मांडून दाखवले, की देवळे ज्या प्रमाणात गटांची सांगड घालतात त्याच प्रमाणात पीक सर्वांत चांगले येते. पाकांना हे सांगितले तेव्हा ते नुसते मान हलवत राहिले.

२०१२मध्ये युनेस्कोने सुबाकची भूदृश्ये जागतिक वारसायादीत घेतली. जवळच्या जतिलुविहचे टप्पे त्यात आहेत आणि तिथे पर्यटकांची रीघ असते. मी राहिले ते गाव त्या हद्दीबाहेर आहे. गावाच्या रस्त्याला लागून एका हिरव्यागार खाचरात ‘दिजुआल’ अशी पाटी उभी होती: विकणे आहे. मला आधी त्याचे एवढे काही वाटले नाही, कारण खाचर लहान होते. पाकांच्या मुलाने मला बांधावरून चालवत नेऊन दाखवले की वरच्या पाटाचे पाणी त्याच खाचरातून पुढच्या खाचरात, तिथून त्याच्या खालच्यात, असे उतरत जाते. तिथे भिंत उभी राहिली तर खालची शेते विकली न जाताही कोरडी पडतील. घेणाऱ्याने पाट वळवून द्यायला हवा, असे सभेत ठरले आहे. परंतु घेणारा सुबाकचा सभासद नसतो, आणि सभेचा नियम त्याला कोण लावणार?

आमच्या गावात उन्हाळी वायंगणासाठी, म्हणजे भाताच्या दुसऱ्या पिकासाठी, दर वर्षी व्हाळावर (ओढ्यावर) दगड-मातीचा बांध घालत. माणसे मुंबईला गेली, बांध घालायला हात कमी पडू लागले, आणि एका वर्षी तो घातलाच गेला नाही. त्यानंतर आमचे खालचे मळे पडीक झाले. जमीन कुणी विकली नव्हती. त्या वर्षी मी शाळेत होते, आणि घरात कुणी त्याविषयी बोलल्याचे मला आठवत नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पाक कोरड्या खाचरात बांध लिंपत बसले होते. खेकड्यांनी पाडलेल्या भोकांत ओली माती दाबून, वरून तळहात फिरवून ते जागा सारखी करत होते. मीही शेजारी बसून माती दिली. लावणी कधी, असे मी विचारले.

“आमची पाळी अठरा दिवसांनी,” ते म्हणाले, आणि पुढच्या भोकाकडे सरकले.