आडव्या बाटलीचा हिशोब

शाळेच्या ओसरीवर बायकांची रांग. मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव नाही, चिन्हं दोनच: उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीवर शिक्का म्हणजे गावातलं दारूचं दुकान बंद. आम्ही महिला मंडळाच्या कार्यकर्त्या मतदार यादी घेऊन आवाराबाहेर बसलो होतो.

हे मतदान मिळवणं हेच मोठं काम. २००८ च्या शासन आदेशानुसार गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी निवेदन द्यावं लागतं. उत्पादन शुल्क खात्याचे लोक सह्या पडताळतात, त्यानंतर मतदान. बहुतेक निवेदनं पडताळणीतच गळतात. सही 'सुनंदा' आणि यादीत 'सुनंदाबाई', की आली शंका. काही जणी नवऱ्यासमोर "मी नाही केली सही" म्हणतात. म्हणून सह्या ३५-४० टक्क्यांपर्यंत न्यायच्या, प्रत्येक नावापुढे यादीतला अनुक्रमांक लिहायचा, अंगठा असेल तर शेजारी साक्षीदार.

खरी मेख पुढे आहे. झालेल्या मतांच्या निम्मी मतं पुरत नाहीत. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडवीला हवीत. मयत झालेली आजी, लग्न होऊन गेलेली लेक, ऊसतोडीला गेलेली सून, सगळ्या आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूला मोजल्या जातात. त्यामुळे मयत आणि कायमची गाव सोडून गेलेली नावं नमुना ७ चा अर्ज भरून मतदार यादीतून आधीच वगळून घ्यायची, आणि तोडणीच्या हंगामात मतदान नको असं अर्जातच लिहायचं.

दुकानदाराला हे गणित आपल्याआधी कळतं. तो प्रचार करत बसत नाही. त्या दिवशीही सकाळीच देवदर्शनाच्या फुकट जीपा निघाल्या. (देवही बिचारा कुणाकुणाच्या कामी येतो!) जीपमध्ये बसलेल्या बायका दारूच्या बाजूच्या नव्हत्या, पण हिशोबात त्या तिकडेच गेल्या. दुपारनंतर आम्ही यादीतली न आलेली नावं वस्तीवार काढली आणि एकेका शेतावर माणूस धाडला. शेवटच्या तासाभरात रांग पुन्हा लागली.

यादीत १,१८६ बायका, म्हणजे ५९४ मतं हवी होती. मतदान झालं ६७०. आडवी ६१२, उभी ३७, बाद २१. बाद बहुतेक दोन्ही चिन्हांच्या मधोमध शिक्का बसलेल्या. आणखी १९ जणी जीपमध्ये बसल्या असत्या, तर ३७ मतांवर दुकान वाचलं असतं.