पावसात सुकलेली विलायती मेंदी

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, आषाढाची झड लागून आठ दिवस झाले असताना, बेळगावच्या टिळकवाडीतील एका निवृत्त शिक्षिकेचा सकाळीच फोन आला. "दादा, मार्चमध्ये तुमच्याकडून नेलेली विलायती मेंदी वाळत चालली आहे. व्हरांड्यात मलूल दिसली म्हणून महिन्यापूर्वी बाहेर पागोळ्यांखाली ठेवली, तरी माना टाकतेच आहे," असे बाई म्हणाल्या. पावसाच्या धारेखाली उभे असलेले झाड तहानेने सुकणार नाही, हे ऐकताक्षणीच माझ्या लक्षात आले. माझ्या रोपवाटिकेतील मुलाला बरोबर घेतले, कात्री, वाळूचे पोते आणि कौलांचे तुकडे गाडीत टाकले आणि आम्ही निघालो.

या झाडाच्या नावाने आमच्या भागात पुष्कळ घोटाळा होतो. कुंपणाला लावलेल्या कोयनेललाही लोक मेंदी म्हणतात आणि क्रेप मर्टल नावाच्या फुलझाडालाही नुसते मर्टल म्हणून मागतात. क्रेप मर्टल पानगळीचे असून हाताला लावण्याच्या मेंदीच्या कुळातले आहे. विलायती मेंदी, म्हणजे खरी मर्टल, मात्र सदाहरित आहे आणि पेरू, जांभूळ, लवंग यांच्या कुळातली आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये तिला मिर्टस कम्युनिस हे नाव दिले. तिचे पान उजेडासमोर धरले की त्यात तेलाचे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात आणि चुरगळले की ओळखीचा, किंचित औषधी सुवास येतो. पाच पाकळ्यांचे पांढरे फूल आणि त्यातून बाहेर आलेला केसरांचा झुपका पाहिला की जांभळाच्या मोहोराशी असलेले तिचे नाते सांगावे लागत नाही.

बाईंच्या अंगणात पोहोचल्यावर मी आधी पान चुरगळून पाहिले. सुवास होता, पण पानाची तकाकी गेली होती आणि शेंड्यांकडची पाने तांबूस होऊन फांदीला तशीच चिकटून राहिली होती. नखाने साल खरवडली, तेव्हा डावीकडच्या फांद्या आतून तपकिरी निघाल्या. उजवीकडच्या चार फांद्यांत हिरवा थर शिल्लक होता. कुंडी सिमेंटची, जड आणि थेट मातीवर टेकलेली होती. आम्ही दोघांनी ती आडवी केली, तेव्हा तळाच्या छिद्रातून आधी काहीच आले नाही. सळईने छिद्रातला तांबड्या मातीचा लगदा मोकळा केल्यावर आंबूस वासाचे पाणी वाहू लागले. झाड बाहेर काढले, तर तळाची मुळे काळपट होती आणि चिमटीत धरून ओढली की त्यांची साल निसटून आतला दोऱ्यासारखा गाभा तेवढा हातात राहत होता. कुजलेली मुळे पाणी वर चढवू शकत नाहीत, म्हणून भिजलेल्या मातीत उभे असलेले झाडही तहानलेल्या झाडासारखेच कोमेजते. बाईंना मी ती मुळे दाखवली. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "म्हणजे मी तिला बुडवत होते."

मला गप्प राहवले नाही, कारण चूक त्यांची नव्हती. मार्चमध्ये रोप देताना मीच त्यांना, "पाणी अजिबात कमी पडू देऊ नका," असे बजावले होते. त्या वेळी ते बरोबर होते. मार्च ते मे या काळात कुंडीतली माती दोन दिवसांत कोरडी पडते. परंतु मृगानंतर काय करायचे, याबद्दल मी एक अक्षरही बोललो नव्हतो आणि त्यांनी माझा शब्द जूनमध्येही तसाच पाळला. हे झाड भूमध्य समुद्राच्या काठचे आहे. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. आपल्याकडे नेमके उलट, म्हणजे झाड उबेत वाढायला लागते त्याच महिन्यांत आभाळ फाटते. बेळगावची सुमारे २,५०० फूट उंची आणि सौम्य हवा तिला मानवते, पण सह्याद्रीच्या उतरणीवरचा पाऊस मानवत नाही. अथणीकडच्या कोरड्या हवेत गेलेल्या माझ्या रोपांबद्दल अशी तक्रार आजवर आली नाही. जास्त पावसाच्या खानापूर भागात मात्र मी ते उघड्यावर लावायला कोणालाही सुचवणार नाही.

उपचाराला दुपार उजाडली. कुजलेली सर्व मुळे पांढऱ्या, टणक भागापर्यंत कापली. मुळे निम्मी झाली तर वरचा भार तेवढाच ठेवून चालत नाही, म्हणून वाळलेल्या फांद्या बुडापासून काढून जिवंत फांद्याही एकतृतीयांश आखूड केल्या. तांबडी माती आणि नदीची भरड वाळू समान घेऊन त्यात चांगले कुजलेले शेणखत फक्त मूठभर मिसळले. आजारी मुळांना जास्त खत बाधते. तळाला कौलांचे तुकडे पसरले आणि कुंडी तीन विटांवर, पागोळ्यांपासून दूर, पण भरपूर उजेड मिळेल अशा व्हरांड्याच्या टोकाला ठेवली. कॉपर ऑक्सिक्लोराईड हे तांब्याचे बुरशीनाशक लिटरला ३ ग्रॅम या प्रमाणात मुळाशी ओतले. बाईंनी ट्रायकोडर्माची पुडी आधीच आणून ठेवली होती, पण ती त्याच दिवशी घालू नका, असे मी सांगितले. ती उपयोगी असली तरी बुरशीच आहे आणि तांब्याच्या औषधाने मरू शकते. तीन आठवड्यांनंतर ती घालायची ठरले.

झाड जगेल याची खात्री मला देता येत नव्हती. म्हणून छाटलेल्या फांद्यांपैकी अर्धवट पिकलेल्या, म्हणजे बुडाशी थोड्या कडक आणि शेंड्याला लवचिक अशा, चार-चार इंचांच्या अठरा काड्या घेतल्या. खालची पाने काढून त्या वाळू आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, यांत खोचल्या आणि रोपवाटिकेत प्लॅस्टिकखाली सावलीत ठेवल्या.

ऑक्टोबरमध्ये त्यांपैकी अकरा काड्यांना मुळे फुटली होती. त्यांतले एक रोप घेऊन मी टिळकवाडीत गेलो. जुन्या झाडाची डावी बाजू उघडीच राहिली होती, पण उजव्या फांद्यांवर समोरासमोर नव्या, चकचकीत पानांच्या जोड्या आल्या होत्या. प्रत्येक कुंडीला बांधण्यासाठी मराठीत आणि कन्नडमध्ये तयार केलेली सूचनेची चिठ्ठी मी बाईंना वाचायला दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, पेन मागितला आणि खाली आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिले: "पावसाळ्यात पाने मलूल दिसली, तर पाणी घालण्यापूर्वी दोन पेरे बोट मातीत घालून पाहावे." मग नवे रोप हातात घेऊन त्यांनी आधी कुंडी उलटी धरली आणि तळाचे छिद्र मोकळे आहे ना, ते पाहिले.