डबीतला कापूस

मी पहिली गोळी घेतली तेव्हा सात वर्षांची होते. सोलापुरात अशोक चौकामागच्या आमच्या खोलीत आजी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. "ताकदीची गोळी आहे, गिळ," एवढंच ती म्हणाली. ती एचआयव्हीची गोळी आहे, हे मला कळलं तेरा वर्षांची झाल्यावर. आई-बाबा त्याआधीच गेले होते. माझा जन्म २००१चा. सरकारी दवाखान्यात मोफत एआरटी, म्हणजे या गोळ्यांची उपचारपद्धती, सुरू झाली एप्रिल २००४मध्ये, आणि आईपर्यंत ती पोचेस्तोवर उशीर झाला होता.

आज हे लिहायला बसले, कारण परवा एका कॉलेजातून फोन आला. "एक डिसेंबरला, जागतिक एड्स दिनाला, रॅली आहे, तुमच्या ग्रुपमधली वीस-पंचवीस मुलं पाठवाल का?"

मला माझं कॉलेज आठवलं. तिथंही एक डिसेंबरला रांगोळी होती. मधोमध कवटी, खाली 'एड्स म्हणजे मृत्यू'. कवटीच्या डोळ्यांत काळा रंग मीच भरला. रात्रीची गोळी तेव्हा माझ्या बॅगेत होती. शेजारी बसलेल्या मैत्रिणीला काही सांगायची हिंमत झाली नाही. पुढं कित्येक दिवस नखांतला काळा रंग निघाला नव्हता.

तरुणांना बोलावतात ते असं. घोषणा आधीच ठरलेल्या, आम्ही फक्त फलक धरायचे. काय अडतंय, हे कुणी विचारत नाही.

आता मी दर शनिवारी एआरटी सेंटरवर नव्या पोरापोरींसोबत बसते. त्यांचे प्रश्न पोस्टरवर कधीच नसतात. होस्टेलवरची एक मुलगी गोळ्या चुकवत होती. कारण विचारलं तर म्हणाली, "ताई, डबी खुळखुळते. सगळ्या विचारतात." मी माझी डबी काढून दाखवली. गोळ्यांच्या वर कापूस घट्ट बसवलेला होता. तिनं डबी कानाशी धरून हलवली, पुन्हा हलवली आणि हसली. ही युक्ती मला कुठल्याही प्रशिक्षणात कुणी शिकवली नाही. होस्टेलवर राहूनच सुचली.

तिनं पुढं हळूच विचारलं, "लग्न? मूल?" मी सांगितलं ते असं: गोळी रोज घेतली, व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाच्या, तपासणीत विषाणू सापडेनासा झाला आणि पुढंही सापडला नाही, तर शरीरसंबंधांतून तो जोडीदाराला जात नाही. गरोदरपणात उपचार नीट चालू असले तर बाळाला तो होण्याचा धोकाही फार कमी राहतो. डॉक्टरांनी हे तिला आधी सांगितलं असणारच. पण तेच गोळी घेणाऱ्या पोरीच्या तोंडून ऐकल्यावर तिचे खांदे सैल पडले, ते मी पाहिलं.

२०१७च्या एचआयव्ही कायद्यात घर सांभाळणाऱ्या, बारा वर्षांवरच्या समंजस भावंडाला धाकट्याचा पालक म्हणून मान्यता आहे: उपचारासाठी, शाळाप्रवेशासाठी, बँकेच्या कामासाठी. कायदा आमच्यावर एवढा भरवसा टाकतो. मग कार्यक्रम ठरवायच्या बैठकीत आम्हाला खुर्ची का नको? फोनवरच्या सरांना मी तेच म्हटलं. रॅलीला मुलं पाठवते, पण आधी दोघांना बैठकीला बोलवा, आणि कवटी नको. त्याऐवजी १०९७ हा हेल्पलाइनचा नंबर मोठा लिहा. सर विचार करतो म्हणाले.

गेल्या शनिवारी सोळा वर्षांचा एक मुलगा आला होता. मान खाली घालून बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "ताई, मला काठी पेलता येईल का?"

काठी म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतले नंदीध्वज, मिरवणुकीत पेलत नेतात त्या उंच काठ्या. त्याचे काका मानाची काठी पेलतात. संक्रांतीआधी रोज रात्री सराव असतो, आणि त्याची गोळीची वेळ रात्री नऊची. एवढ्यावरून त्यानं ठरवून टाकलं होतं की आपल्याला जमायचं नाही.

आम्ही दोघं समुपदेशक मॅडमकडे गेलो. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, रिपोर्ट पाहिले. तब्येत उत्तम, वेळही बदलता येते. त्यानं तिथंच मोबाईल काढला, रात्री नऊचा अलार्म पुसला आणि सकाळी सातचा लावला. नावाच्या जागी टाईप केलं: 'काठी'.