कात्रजला अस्वलापाशी जरा जास्त थांबा

दिवाळीच्या सुट्टीत भाचरं पुण्यात आली की शनिवारवाडा, सारसबाग आणि कात्रज ठरलेलं. शनिवारवाडा मुलं दहा मिनिटांत उरकतात आणि सारसबागेत त्यांचं लक्ष भेळेकडे. दिवस खरा लागतो तो कात्रजला. पाटीवर नाव राजीव गांधी प्राणिसंग्रहालय असलं, तरी स्वारगेटहून बसमध्ये बसताना आम्ही अजूनही ‘सर्पोद्यानापाशी उतरायचंय’ असंच सांगतो. त्याला कारणही आहे. १९८६ साली इथे आधी साप आले. वाघ-सिंहांचा मुक्काम तेव्हा पेशवे पार्कात होता, मुलांच्या फुलराणी या छोट्या आगगाडीच्या शेजारी.

त्यामुळे सुरुवात सापांपासून. काचेपलीकडे नाग वेटोळं घालून पडलेला. भाची नाक काचेला टेकवून कितीतरी वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, “मामा, हा झोपलाय की जागा आहे?” सापाकडे बघून ते कळत नाही, कारण त्याला पापण्याच नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो. कात टाकायची वेळ जवळ आली की तो निळसर, धुरकट होतो आणि कातीबरोबर निघून येतो. आख्खी कात हाती लागली तर तिच्यात डोळ्यांच्या जागी दोन चकत्या दिसतात. हे ऐकल्यावर पोरं प्रत्येक सापाचे डोळे तपासत सुटली.

नागराजापाशी भाच्याचा प्रश्न सोपा होता: “हा खातो काय?” मुख्यतः दुसरे साप. लांबी अठरा फुटांपर्यंत जाऊ शकते. विषारी सापांत इतका लांब दुसरा नाही. पण मला त्याच्या मादीचं जास्त कौतुक वाटतं. पालापाचोळा ओढून, ढीग रचून ती घरटं करते आणि अंड्यांवर पहारा देते. असं घरटं बांधणारा दुसरा साप नाही.

पांढऱ्या वाघाला अर्थातच जत्रेएवढी गर्दी. ही वेगळी जात नव्हे. पट्टेरी वाघच, रंगाचं जनुक तेवढं निराळं. १९५१ साली रीवाच्या महाराजांनी ‘मोहन’ नावाचा पांढरा बछडा पकडला. आज प्राणिसंग्रहालयांत दिसणारे बहुतेक पांढरे वाघ त्याच्याच वंशातले. आमचा वाघ पाठ करून झोपला होता. दहा जणांनी शिट्ट्या मारल्या, त्याने कान हलवला. (शिट्ट्या मारणाऱ्यांसाठीही एखादा पिंजरा हवा.)

अस्वलापाशी मात्र गर्दी नव्हती. ते एका ओंडक्याखाली नाक खुपसून, पांढरट लांब नखांनी माती उकरत होतं. अस्वलाला वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नसतात. वारूळ फोडायचं, फुंकर मारून माती उडवायची, नाकपुड्या बंद करायच्या आणि ओठ पुढे काढून त्या फटीतून वाळवी ओढून घ्यायची. थेट व्हॅक्यूम क्लीनरच! तो आवाज जंगलात बराच लांबवर जातो. मादी पिल्लांना पाठीवर बसवून हिंडते, हे सांगितल्यावर भाचीने लगेच माझ्या पाठीकडे बघितलं. पुढची चढण मी कशी चढलो ते विचारू नका.

हरणांपाशी भाच्याने विचारलं, “कुणाची शिंगं गळतात?” चितळाची. ती भरीव असतात, गळतात आणि पुन्हा उगवतात. काळविटाची आतून पोकळ, ती आयुष्यभर टिकतात. चितळाच्या अंगावरचे ठिपकेही जन्मभर राहतात. हत्ती, मगरी आणि गवे आम्ही झरझर पाहिले. पाय बोलायला लागले होते.

आवार १३० एकरांचं आहे, तेव्हा लहान मुलं बरोबर असतील तर बॅटरीच्या गाडीचा विचार करा आणि सकाळीच जा, दुपारी निम्मे प्राणी सावलीत पडून असतात. आणि बुधवारी जाऊ नका, बंद असतं.