पुण्यात एचआयव्हीसाठी चॅरिटी वॉक काढला, त्याचा माझा अनुभव

कुणाला असा वॉक (लोकांनी एकत्र चालायचं आणि त्या निमित्ताने पैसे जमवायचे) काढायचा असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितेय, कारण आम्ही करायला घेतलं तेव्हा सरळ सांगणारं कुणी भेटलंच नाही. मी अकाउंट्सवाली बाई, ऑफिस सुटल्यावर एका छोट्या ट्रस्टचे हिशोब बघते. ट्रस्ट पुण्यात आणि आजूबाजूच्या तालुक्यांत एचआयव्ही असलेल्या लोकांसाठी काम करतो. गेल्या वर्षी मोठे देणगीदार एकामागोमाग एक बंद झाले, खात्यात खडखडाट, आणि मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं वॉक काढूया. झालं, पैशाचं निघालं की सगळे माझ्याकडेच बघतात.

पहिला प्रश्न प्रत्येकाने विचारला, अगदी माझ्या सासूबाईंनी पण. "अगं, औषधं तर सरकार फुकट देतं ना, मग पैसे कशाला?" प्रश्न चुकीचा नाहीये. १ एप्रिल २००४ पासून सरकारी एआरटी सेंटरला (एचआयव्हीच्या उपचाराचं केंद्र) औषधं मोफत आहेत, आणि २०१७ पासून तर सीडी-फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) किती का असेना, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की गोळ्या सुरू करतात. बहुतेकांना आता दिवसाला एकच गोळी. ती नियमित घेतली की व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, इतका खाली जातो की टेस्टमध्ये दिसत नाही, आणि तसा तो राहिला तर सेक्समधून जोडीदाराला लागण होत नाही. हे मी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं तर एकदम शांतता, ती माहितीमुळे होती की सेक्स या शब्दामुळे ते मला अजून कळलेलं नाही.

तर पैसे लागतात ते गोळीपर्यंत पोचायला. वेल्ह्याकडच्या आतल्या वाडीतून यायचं म्हणजे आधी वडापने (शेअर जीपने) फाट्यापर्यंत, मग एसटीने स्वारगेट, पुढे पीएमपीची सिटी बस नाहीतर रिक्षा, आणि तेच सगळं परत. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं हे खरं, पण वडापवाला काही अर्धे घेत नाही. त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. शिवाय कितीतरी जण जवळचं सेंटर सोडून मुद्दाम लांबचं धरतात, कारण जवळच्या सेंटरच्या लाइनीत गावातलं कुणी दिसलं तर मेलेच. संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्ही असलेल्यांना महिन्याला १५०० रुपये मिळू शकतात, पण त्याला उत्पन्नाचा दाखला, तलाठी, तहसील, म्हणजे तो कागद ज्या ज्या टेबलावरून जाणार तिथे तिथे कळणार. आमच्या ट्रस्टकडे येणाऱ्या, स्वतः पॉझिटिव्ह असलेल्या एक ताई म्हणाल्या, "दीड हजारासाठी गावभर करू का?" आणि मग पोरांच्या फिया, अंडी-दूध, दुसऱ्याच कशासाठी तरी सांगितलेली सोनोग्राफी. हे एवढं सगळं मी नंतर एका कागदावर लिहून काढलं आणि वर्गणी मागायला जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात दिलं, कारण "जनजागृतीसाठी" असं म्हटलं की पुण्यात कुणी खिशात हात घालत नाही.

असे वॉक सुरू झाले अमेरिकेत, लॉस एंजेलिसला १९८५ साली. तेव्हा एड्सवर एकही औषध नव्हतं, पहिलं एझेडटी १९८७ ला आलं. त्यांनी पहिल्याच वेळी साडेसहा लाख डॉलरच्या वर जमवले. तिथली पद्धत अशी की मी इतके किलोमीटर चालणार, तू त्यावर इतके दे. आम्ही पण आधी तेच करून बघितलं, ऑनलाइन पेज बनवलं, किलोमीटरला शंभर वगैरे. माझे चुलत सासरे म्हणाले, "आणि तू मध्येच रिक्षात बसलीस तर पैसे परत का?" दुसऱ्या एकांचं म्हणणं, आम्ही रोज पहाटे तळजाई टेकडीवर फुकट चालतो, वारीला जातो तेव्हा काय पावत्या फाडतो का. शेवटी आमच्या ओळखीचे एक गणपती मंडळाचे काका आले मदतीला, वर्गणी मागण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. ते म्हणाले ते पेज-बिज ठेव बाजूला, पावतीपुस्तक छाप. छापलं. आणि खरं सांगते, लोकांच्या हातात पावती पडायला लागल्यावर पैसे यायला लागले. काका दुकानात शिरले की आधी चहा, मग कोण कुठल्या आळीतलं, मग शेवटी जाता जाता, "हां, ते एचआयव्हीवाल्या पोरांच्या फियांचं आहे, किती लिहू?" किती लिहू, देणार का नाही!

आता तारखेचं. जागतिक एड्स दिन १ डिसेंबरला असतो, १९८८ पासून, म्हणजे साहजिकच डोक्यात डिसेंबरचा पहिला रविवार येतो. तर तो घेऊ नका. पुणे इंटरनॅशनल मॅरेथॉन परंपरेने त्याच रविवारी असते, पोलिस तिकडे, व्हॉलंटियर तिकडे, अ‍ॅम्ब्युलन्स पण तिकडेच. आम्ही नोव्हेंबरचा शेवटचा रविवार धरला.

परवानगीचा अर्ज स्थानिक पोलिस स्टेशनला, ट्रॅफिकची ना-हरकत वेगळी, महापालिकेच्या बागेच्या गेटपाशी जमणार असाल तर त्यांचं पत्र, आणि स्पीकर लावणार असाल तर त्याची परवानगी आणखी वेगळी. आम्ही स्पीकरवर फुलीच मारली. अर्जासोबत रूटचा नकाशा, अंदाजे किती लोक, व्हॉलंटियरची यादी, ट्रस्टचं रजिस्ट्रेशन, आयोजकाचं आधार. रूट दोन हद्दींत जात असेल तर दोन्हीकडे अर्ज द्यायचा आणि प्रत्येक ठिकाणी आपल्या कॉपीवर शिक्का मारून पोच घ्यायची, पोच नसेल तर तुम्ही तिथे कधी गेलाच नव्हता असं धरून चाला. एका टेबलावरचा संवाद मला पाठ आहे.

"एड्सचा मोर्चा का?"

"मोर्चा नाही साहेब, नुसतं चालायचंय."

"घोषणा?"

"नाहीत."

"निवेदन कुणाला देणार?"

"कुणालाच नाही."

"मग चालायचं कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही आधी जंगली महाराज रोड आणि एफसी रोड असा गोल मागितला होता, दोन्ही वन-वे, रविवार असला तरी कोण देणार बंद करून. बाहेर बसलेल्या एका कॉन्स्टेबल दादांनी हळूच सांगितलं, "मॅडम, रस्ता मागूच नका, फुटपाथ मागा." केवढी सोपी गोष्ट! जेएम रोडचा फुटपाथ आता चांगला रुंद केलाय, बसायला बाकं आहेत. नवीन अर्जात लिहिलं की संभाजी बागेपासून डेक्कनपर्यंत आणि परत, फुटपाथवरून, दोन-दोनच्या रांगेत, वाहतुकीला अडथळा न करता. मग फार अडलं नाही.

सोसायटीचा हॉल तयारीसाठी मागितला तो मात्र मिळाला नाही, "सोसायटीचं नाव येतं हो उगाच" एवढंच कारण. ज्यांनी हे कारण दिलं त्यांचंच पुढचं वाक्य होतं की पुण्यात हा प्रॉब्लेम नाहीये. देशात साधारण २५ लाख लोक एचआयव्हीसह जगतायत, सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात, आणि एड्सवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था १९९२ पासून इथे भोसरीत आहे. पुणेकराला सगळं माहीत असतं, हे सोडून.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते फोटोंनी. एका कंपनीच्या सीएसआरवाल्यांशी (कंपनीचा समाजकार्याचा निधी बघणारे) बोलणं बरंच पुढे गेलं होतं, तो निधी घ्यायला लागणारं सीएसआर-वनचं रजिस्ट्रेशन आमच्याकडे होतं (ते नसेल तर कंपन्यांच्या दारात जाऊच नका), रक्कम पण ठरत आली होती. मग त्यांचा मेल आला की मोठ्या चेकबरोबर लाभार्थींचा ग्रुप फोटो हवा, सोशल मीडियासाठी, "फेस दिसले तर इम्पॅक्ट येतो". मी फोनवर सांगितलं की २०१७ चा एचआयव्ही कायदा आहे, सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, माणसाच्या संमतीशिवाय त्याचं स्टेटस उघड करता येत नाही. तर म्हणे, मग संमतीचे फॉर्म भरून घ्या ना. आता ज्या बाईच्या पोरीची फी आपण भरतो ती आपल्याला नाही म्हणणार आहे का? असली संमती कागदावर संमती असते. आम्ही नाही म्हटलं, ते गेले. ट्रस्टमध्ये यावरून दोन तट पडले, एवढे पैसे कुणी सोडतं का म्हणून मला अजूनही ऐकवतात, ऐकवू देत.

त्यातूनच पुढचं सगळं ठरलं. टी-शर्ट काढायचे होते, छातीवर मोठ्ठं "एचआयव्ही" लिहून. डिझाइन दाखवलं तर त्याच ताई म्हणाल्या, "हे घालून मी बसमध्ये बसू?" टी-शर्ट रद्द. एड्सची खूण असलेली लाल रिबीन ठेवली, कारण ती काढून पर्समध्ये टाकता येते. रविवार पेठेत बोहरी आळीतून सॅटिनची लाल रिबीन आणली, वीतभर तुकडे कापायचे, टोकांना मेणबत्तीची नुसती धग दाखवायची म्हणजे धागे सुटत नाहीत (जास्त झाली की टोक काळं पडतं, मग तो तुकडा बाद), एक वळसा घालून मध्ये सेफ्टी पिन. माझ्या हॉलमध्येच बसलो सगळ्या. पहिल्या दिवशी सासूबाई आतल्या खोलीत टीव्ही बघत होत्या, दुसऱ्या दिवशी बाहेर येऊन म्हणाल्या तुमचे तुकडे लहान-मोठे होतायत, आणि कात्री घेऊन बसल्या. पुन्हा काही विचारलं नाही त्यांनी.

नियम असा केला की रिबीन सगळ्यांना, नावनोंदणीत फक्त नाव, तेही खरंच पाहिजे असं नाही, स्टेजच नाही त्यामुळे कुणाला बोलवून मनोगत वगैरे नाही. फोटो फक्त पाठीमागून, आणि एकच माणूस काढणार. आणि स्कार्फ! हे आम्हाला सुचलंच नव्हतं, बायकांनीच काढलं. गाडीवर बांधतात तसा पूर्ण तोंडाला स्कार्फ, फक्त डोळे उघडे, तशा आल्या कितीतरी जणी. दुसऱ्या शहरात लोकांनी वळून बघितलं असतं, पुण्यात जेएम रोडवर सकाळी सात वाजता तोंड बांधलेली बाई म्हणजे काहीच नाही. मी पण बांधला मग, आणि कॉलेजच्या पोरींनी तर बांधलेलाच होता. कोण पॉझिटिव्ह, कोण व्हॉलंटियर, कोण नुसतंच मैत्रिणीबरोबर आलंय, आम्हाला आयोजकांना सुद्धा सांगता आलं नसतं.

वॉक छान झाला, सव्वाशेच्या आसपास लोक, थंडी होती, डेक्कनला एका आजोबांनी सगळी रांग थांबवून डाव्या बाजूने चालण्याबद्दल सुनावलं. परत आल्यावर पोहे-चहा. एक दादा, भोरकडून आलेले, पोहे खाताना म्हणाले की अकरा-बारा वर्षं गोळ्या चालू आहेत पण सेंटरच्या बाहेर असा आपल्यातल्यांबरोबर बसून खाल्लं नव्हतं, मग लगेच मिरची फार आहे म्हणाले.

आता हिशोबाचं, कारण खरं काम इथे सुरू होतं. सगळे पैसे ट्रस्टच्याच पावतीवर आणि ट्रस्टच्याच खात्यात घ्या, कुणाच्या पर्सनल यूपीआयवर एक रुपया नको, कितीही विश्वासातला असला तरी. ८०जी (देणगीवर देणाऱ्याला मिळणारी इन्कम टॅक्सची सूट) देणार असाल तर देणाऱ्याचा पॅन जागेवरच लिहून घ्या, नंतर शंभर फोन करावे लागतात. रोखीत दोन हजाराच्या वर दिले तर त्याला ८०जीची सूट मिळत नाही हे आधीच सांगा. आमच्या वेळच्या नियमाप्रमाणे ३१ मेच्या आत ट्रस्टने देणग्यांचा तपशील देणारा १०बीडी फॉर्म भरला की मग देणाऱ्याला सूट घ्यायला लागणारं १०बीई सर्टिफिकेट मिळतं. अर्थात आयटीतली बरीचशी मुलं टॅक्सच्या न्यू रेजीममध्ये, त्यांना ८०जीचा फायदाच नाही, त्यामुळे ती म्हणाली राहू दे सर्टिफिकेट, आणि पैसे दिलेच. निनावी देणग्या अपेक्षेपेक्षा खूप आल्या, पाकिटात घालून, "नाव नको" म्हणून. का नको ते आपण विचारायचं नसतं. फक्त वर्षाला एक लाख किंवा एकूण देणग्यांच्या पाच टक्के, जे जास्त असेल त्याच्या वर निनावी गेलं की तीस टक्के टॅक्स बसतो, म्हणून त्याची टोटल मी रोज काढत होते. जमलेल्या पैशात प्रवासखर्च आणि शाळेच्या फिया वर्षभर निघतील. आहारासाठी काही उरलं नाही.

वाटपातही एक गोची झाली. प्रवासखर्च खात्यात टाकायचा तर पासबुकात ट्रस्टचं नाव उमटतं, आणि पासबुक घरात सासऱ्यांच्या, दिराच्या हातात असतं. म्हणून रोख द्यायचं ठरलं, सेंटरला येतील त्या दिवशी, व्हाउचरवर फक्त "प्रवासखर्च" आणि एक कोड नंबर. कोड आणि नावं जुळवणारी वही वेगळ्या कपाटात कुलपात. ऑडिटर आले तेव्हा अपेक्षेप्रमाणे पहिलं हेच विचारलं, नावं कुठायत? वही त्यांच्यासमोर उघडली, त्यांनी मधली मधली पाच-सहा व्हाउचरं काढून जुळवून बघितली, म्हणाले चालेल, पण सही किंवा अंगठा प्रत्येकावर पाहिजे आणि बसचं तिकीट जोडता आलं तर बघा. एसटीचं तिकीट मिळतं हो, वडापवाला कुठलं तिकीट देणार? त्यासाठी आता एक छापील हमीपत्र केलंय, फाटा ते गाव, दर एवढा, खाली सही. यंदाचा पोलिसांचा अर्ज दिवाळीच्या आधीच टाकणार आहोत, दिवाळीच्या सुट्टीत कुठलंच टेबल जागेवर नसतं.