ओब्राकच्या पठारावर: जेवायचं कुठे आणि किती वाजता

पहिली गोष्ट, दुपारी बाराला, फार तर साडेबाराला टेबलावर बसा. दीडनंतर फ्रेंच खेड्यातल्या स्वयंपाकघरात आवराआवर सुरू होते आणि दोन वाजता पोचलात, तर कितीही गोड बोललात तरी कॉफीपलीकडे काही मिळायचं नाही. रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी नाही. रविवारची रात्र आणि सोमवार हे उपासाचे. तेव्हा बहुतेक ठिकाणी शटर बंद असतं, म्हणून शनिवारीच ब्रेड, चीज, फळं भरून ठेवावीत.

आम्ही दक्षिण फ्रान्समधल्या ल प्वी या गावाहून गाडी घेऊन ओब्राकचं पठार ओलांडत लायोल आणि पुढे काँक या गावांपर्यंत गेलो. स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थक्षेत्राला जाणाऱ्या यात्रेकरूंची जुनी पायवाटही याच दिशेने जाते. त्यामुळे वाटेतल्या लहानशा गावांतही जेवणाची सोय असते, आणि थकलेल्या माणसाला पोटभर वाढायची सवय इथल्या लोकांच्या अंगवळणी पडलेली आहे.

ल प्वीला शनिवार सकाळ गाठा. प्लास द्यु प्लोच्या बाजारात शेतकरी स्वतः बसतात. इथल्या हिरव्या मसुरीला 1996 पासून आपल्या नाशिकच्या द्राक्षांसारखं भौगोलिक मानांकन आहे. शिजल्यावर ती फुटत नाही, दाणा अख्खा राहतो. पाव-पाव किलोच्या पिशव्या घेतल्या. घरी साधी फोडणी देऊनही छान लागते. मात्र हॉटेलात हीच मसूर बहुधा डुकराच्या मांसासोबत शिजवतात, तेव्हा शाकाहारी मंडळींनी आधी विचारावं.

पठार हजार मीटरच्या वर. झाडं थोडी, गवत अमाप, आणि काजळ घातल्यासारखे डोळे असलेल्या तांबूस ओब्राक गाई. मधूनमधून दगडी झोपड्या दिसतात, त्यांना ब्युरों म्हणतात. पूर्वी गुराखी उन्हाळाभर तिथे राहून चीज करायचे. आता काही ब्युरोंमध्ये खानावळी आहेत आणि या भागात जेवायचं तर तिथेच, असं माझं ठाम मत. फोन करून जागा राखून ठेवा. हिवाळ्यात बऱ्याच बंद असतात. मे महिन्याच्या अखेरीस फुलं-घंटा लावलेल्या गाई पठारावर चढवतात, तो उत्सव बघण्यासारखा असतो, पण त्या शनिवार-रविवारी ऐनवेळी टेबल मिळेल ही आशा सोडा.

इथलं मुख्य पक्वान्न आलिगो. उकडून कुस्करलेले बटाटे, लोणी, क्रीम, लसूण आणि भरपूर ताजं तोम चीज. वाढणारी बाई पातेलं टेबलाशीच घेऊन आली आणि लाकडी उलथणं वर नेत गेली. तिचा हात डोक्यावर गेला तरी तार तुटेना. शेवटी तिने ती कात्रीने कापली! गरम असतानाच खा, गार झालं की चिवट होतं. सोबत बहुधा डुकराच्या मांसाचा सॉसेज किंवा गोमांस असतं. दोन्ही नको असेल तर 'सां व्यांद', म्हणजे मांसाशिवाय, असं सांगा. आमच्यातल्या शाकाहाऱ्यांना आलिगो आणि सॅलड विनातक्रार मिळालं. कडक शाकाहाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की इथल्या पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध साखळवणारा पदार्थ, असतं. आलिगोची बहीण त्र्युफाद, म्हणजे बटाटे आणि चीजचाच दुसरा पदार्थ, मात्र हमखास डुकराच्या चरबीत परततात, आणि भाजीच्या केकसारख्या दिसणाऱ्या पुंतीतही मांस असतं. त्यापेक्षा आव्हेरों भागात चार्ड या पालकासारख्या भाजीच्या पाल्याचे फार्सू मागवा. भज्यांच्या गोतावळ्यातलेच, फक्त चपटे. यातही कुठेकुठे मांस घालतात, तेव्हा विचारायचंच.

दुपारी फळ्यावर खडूने लिहिलेला 'मेन्यू द्यु जूर' घ्यावा. साध्या ठिकाणी साधारण 15 ते 20 युरोंत दोन-तीन पदार्थ होतात. रात्री त्याच खुर्चीत बसून जास्त पैसे मोजावे लागतात. 'कराफ दो' मागितलं की नळाचं पाणी फुकट येतं, ब्रेडचे पैसे नसतात, टिप किमतीतच धरलेली असते. आत शिरताना 'बोंजूर' म्हणायला विसरू नका. न बोलता थेट टेबलाकडे गेलेलं गिऱ्हाईक त्यांना उद्धट वाटतं.

मुक्काम शेतघरात असेल तर 'ताब्ल दोत' घ्याच. यजमानांच्याच टेबलावर, सगळ्यांनी मिळून जेवायचं. सूप, मुख्य पदार्थ, चीज, मग गोड, या क्रमाने. पदार्थ एकच ठरलेला असतो, म्हणून काय चालत नाही ते आदल्या दिवशीच कळवा.

लायोलला मिशेल ब्रास या शेफच्या घराण्याचं नामवंत रेस्टॉरंट आहे. कापल्यावर आतून चॉकलेट वाहणारा केक याच मिशेल ब्रासनी 1981 मध्ये आणला. आमच्या खिशाला ते झेपणारं नव्हतं, म्हणून आम्ही गावातल्या 'जन मोंतान्य' या दूध उत्पादकांच्या सहकारी संस्थेत गेलो. लायोल चीज तिथेच घ्या आणि 'सू व्हीद' म्हणून हवाबंद करून मागा, नाहीतर सामानातल्या कपड्यांना आठवडाभर वास येत राहतो. गावातल्या प्रसिद्ध सुऱ्या घ्यायच्या तर कारखान्याच्या दुकानातूनच, कारण लायोल नावाने भलतीकडे बनलेल्या सुऱ्याही विकतात. सुरी चेक-इनच्या बॅगेत टाका.